माझी साडेपाच सेंटिमीटरची गाठ

ला पाझ बाजार, इलोइलो
मंगळवार, ९ सप्टेंबर

आमच्या घराण्याची मुकुटमणी, माझी थोरली बहीण साल्विंग ताई हिला धाकट्या गिल्दोचा नमस्कार.

समुद्राच्या या काठावरून तुझा हात हातात घेऊन कपाळाला लावतो आहे असं समज. (प्रत्यक्ष लावायला बोटीने सव्वा तास लागतो, आणि गेल्या ईस्टरला आपण ज्या सुरात एकमेकांचा निरोप घेतला तो बघता पत्रातूनच लावलेला बरा.) तुझे गुडघे कसे आहेत? तिकडे ऊसतोडीच्या दिवसांत राख उडते, तिने तुझा खोकला वाढतो, तर खिडक्या लावून घेत जा. भाची ग्लेंडा शाळेत शिकवते आहे ना अजून? तुझ्या लंगड्या कोंबड्यालाही माझा नमस्कार सांग. इकडे फेलिंग ठीक आहे. गेली तेहतीस वर्षं ती माझी बायको असूनही ठीक आहे, यावरून तिची प्रकृती ओळख.

फोन न करता पत्र का, असं तू विचारशील. तर ताई, फोनवर आपलं संभाषण म्हणजे तू बोलतेस आणि मी ‘हं’ म्हणतो. मला जे सांगायचं आहे ते ‘हं’मध्ये मावणारं नाही. पत्रात तू मला मध्येच तोडू शकत नाहीस. फार तर पत्र फाडशील, पण मी तुला ओळखतो, पूर्ण वाचल्याशिवाय फाडणार नाहीस.

बातमी अशी की मला मोठ्या आतड्यात गाठ झाली होती. ‘होती’ हा शब्द पुन्हा वाच आणि खुर्चीत बस. गाठ गेली, मी आहे, दुकानात बाचोयचा रस्साही उकळतो आहे. पण ती गाठ साधीसुधी नव्हती. म्हणजे होती साधीच, वाईट रोगातली नव्हती, परंतु साध्या गाठींमध्ये असाधारण होती. एकवीस वर्षं मी तुझ्या पित्ताशयातल्या त्रेचाळीस खड्यांचं कौतुक ऐकत आलो. बाळ येशूच्या मूर्तीशेजारी तू ती बरणी ठेवली आहेस, पाहुण्याला कॉफीच्या आधी खडे दाखवतेस, आणि नव्या पाद्रीबाबांना तर तू ते मोजायला लावलेस. मी कधी काही बोललो? बोललो असेन, पण तुझ्यासमोर नाही. आता मात्र सांगतो. खडे कुणालाही होतात, तुझ्या एका गल्लीत तिघींना आहेत. माझ्यासारखी गाठ मात्र आमच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.

फेब्रुवारीत, हारोची जत्रा संपली त्या आठवड्यात, पोटात उजव्या अंगाला कळ यायला लागली. यायची, पंधरा मिनिटं मला कमरेत वाकवायची, आणि आली तशी निघून जायची. बाजारात चाळीस वर्षं काढल्यावर माणसाला डॉक्टर शोधावा लागत नाही, तेच येतात. मासेवाली बियेन म्हणाली अल्सर. कॉफीवाला म्हणाला वारा धरलाय. फेलिंग म्हणाली, “चिचारोन. दुसरं काही नाही. दिवसाला दोन वाडगे डुकराची तळलेली कातडी खाणाऱ्याचं पोट गाणं म्हणणार आहे का?” शेवटी तिने गुइम्बालहून म्हातारा वैदू आणला. त्याने माझ्या बेंबीवर आलं चघळून थुंकलं, डोळे मिटले, आणि सांगितलं की दुकानामागच्या वडात राहणारे अदृश्य लोक नाराज आहेत, कारण मी रोज संध्याकाळी उरलेला गरम रस्सा त्यांच्या मुळांवर ओततो. मी जाऊन वडाची माफी मागितली. (हसू नकोस, तूही मागितली असतीस.) आणि ताई, मला खरोखर आठवडाभर बरं वाटलं! वैदूला एक कोंबडी पाठवली. मग पुन्हा कळ आली, आणि कोंबडी परत कशी मागायची ते सुचेना.

आता एक गोष्ट लिहितो, ती मी फेलिंगलाही दोन महिने सांगितली नव्हती. संडासात रक्त पडायचं. रोज नाही, पण पडायचं. मी स्वतःला सांगायचो, काल बीट खाल्लं असेल. बीट मी जन्मात खाल्लेलं नाही. पुढे सांगायचो, मूळव्याध असेल, बाजारात उभं राहणाऱ्या निम्म्या लोकांना असते. खाली बघायचंच नाही, पाणी ओतायचं आणि शीळ घालत बाहेर यायचं, असं चाललं होतं. फेलिंगला वाटायचं, माणूस आजकाल आनंदात आहे.

मे महिन्यात एका दुपारी, दुकानात अकरा गिऱ्हाइकं बसलेली असताना, मी रश्श्याची पळी हातात घेऊन सावकाश खाली बसलो. पडलो नाही, बसलो. पण वाडग्यांच्या चवडीवर बसलो, त्यामुळे आवाज फार झाला. फेलिंगने माझी पापणी ओढून पाहिली, आत पांढरंफटक. तपासलं तर अंगातलं रक्त सातवर आलेलं. एका खाजगी दवाखान्यात पोटाची सोनोग्राफी केली. तिथले सर्जन फार सज्जन. आपल्या इलोइलोच्या माणसाचा आवाज तुला माहीत आहे, भांडणसुद्धा अंगाईसारखं वाटतं. त्यांनी त्या आवाजात सांगितलं की मोठ्या आतड्यात गाठ आहे, ती आतड्याला आपल्यापाठोपाठ ओढते, म्हणून आतडं आतड्यात शिरतं, म्हणून कळ, आणि सुटलं की आराम. गाठ वाईट रोगाची असू शकते. अर्धं मोठं आतडं काढून टाकावं. हे सगळं इतकं गोड वाटलं की फेलिंग “देव तुमचं भलं करो” म्हणून उठली. दाराबाहेर आल्यावर तिला अर्थ कळला आणि ती माझा दंड धरून तिथेच उभी राहिली.

त्या आठवड्यात मी मरायच्या तयारीला लागलो. तयारीत मी हुशार आहे. फेलिंगला रश्श्यात कोळंबीची चटणी नेमकी कधी टाकायची ते शिकवलं. (आईचं ते गुपित फक्त तुला माहीत आहे असं तुला वाटतं. तू ती फार लवकर टाकतेस.) शवपेटीशेजारी ठेवायचा फोटोही काढून ठेवला.

“गिल्दो,” फेलिंग म्हणाली, “या फोटोत तू तेवीस वर्षांचा आहेस.”

“मग?”

“लोकांना वाटेल चुकीच्या घरी आलो. रडायचे थांबतील.” एवढं बोलून ती स्वतःच रडायला लागली. मग फोटो पालथा ठेवून म्हणाली, “आधी दुसऱ्या कुणाला तरी दाखवू या. एका माणसाच्या सांगण्यावरून तू कधी लसूणसुद्धा घेत नाहीस.”

अशा रीतीने आम्ही सरकारी रुग्णालयात डॉ. ॲनाबेल टुपास यांच्याकडे पोचलो. मी पाहिलं तर छत्तीस-सदतीस वर्षांची, उंचीला माझ्या खांद्याइतकी मुलगी. मनात म्हटलं, संपलं. तिने सोनोग्राफीचा कागद दोनदा वाचला, माझं पोट दाबलं आणि म्हणाली, “काका, कापायचंच असेल तर कापू. पण आधी दुर्बीण घालून बघू या तरी, आत बसलंय काय ते.” दुर्बीण कुठून घालतात हे मी विचारलं. तिने सांगितलं. मी फेलिंगकडे पाहिलं. फेलिंग खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते.

दुर्बिणीच्या आधी आतडं धुवावं लागतं, त्यासाठी चार लिटर औषध प्यायचं. चव कशी म्हणशील, तर समुद्राच्या पाण्यात कुणी लिंबू पिळायचं विसरावं तशी. एक रात्र आणि एक पहाट मी आमच्या घरामागच्या त्या खोलीत काढली. ती खोली आम्ही आणि शेजारची दोन कुटुंबं मिळून वापरतो, त्यामुळे शेजाऱ्यांनाही माझा आजार जवळून कळला. सकाळी रुग्णालयात पोचलो. मागून उघडा असणारा झगा घालायला दिला. फेलिंग कागद भरायला गेली. समोरच्या दारातून चाकांच्या खाटेवर एक माणूस बाहेर आला, डोळे मिटलेले, तोंड उघडं. आणि ताई, मी पळालो.

खरंच पळालो. झग्यावर पँट चढवली, जिना उतरलो, पहिली दिसली ती प्रवासी जीपनी पकडली. कुठे निघालो होतो ते मला आजही सांगता येणार नाही. मोलोच्या चौकात त्या चार लिटरांपैकी उरलेल्या अर्ध्या लिटरने आपली आठवण करून दिली. जीपनीच्या छतावर नाणं आपटून गाडी थांबवली आणि जे पहिलं दार उघडं दिसलं त्यात घुसलो. ते शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. एक म्हातारा चष्म्यावरून बघत होता. मी काही बोलायच्या आत त्याने स्क्रूड्रायव्हरने आतलं दार दाखवलं.

बाहेर आलो तेव्हा त्याने स्टूल पुढे केलं. माझ्या पँटीतून झगा मागे शेपटीसारखा लोंबत होता. त्यावर रुग्णालयाचं नाव छापलेलं होतं, ते त्याने सावकाश वाचलं.

“दुर्बिणीला बोलावलं होतं?”

“हो.”

“टुपास बाईंनी?”

“हो. तुम्ही ओळखता?”

त्याने स्क्रूड्रायव्हर भिंतीकडे केला. भिंतीवर पदवीची टोपी घातलेला फोटो, आणि फोटोतून तीच मुलगी माझ्याकडे बघत होती. मी तिच्या बापाच्या संडासात जाऊन आलो होतो!

आन्सेल्मो टुपास त्याचं नाव. तो मला रागावला नाही, देवाच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. म्हणाला, “ती हे काम शिकत होती तेव्हा सुट्टीत इथे बसायची. मी एक लांब पाइप चार ठिकाणी वाकवून दिला होता. त्याच्या पार टोकाला बॉबिन टाकायची आणि तारेने बाहेर काढायची. रोज. दोन सुट्ट्या. सुरुवातीला पाइपात आत सगळे ओरखडे.” त्याने खाली वाकून एक पाइप शोधला आणि माझ्या हातात दिला. “हा दुसऱ्या सुट्टीतला पाइप. बॅटरी लावून बघा आत.” मी पाहिलं. एकही ओरखडा नव्हता. मग म्हाताऱ्याने दुकान ओढून घेतलं, मला आपल्या तीनचाकीत बसवलं आणि परत नेऊन सोडलं. दारात फेलिंग एका हातात माझे बूट आणि दुसऱ्या हातात जपमाळ घेऊन उभी होती. त्या दोन्हींतलं आधी काय फेकून मारावं याचा तिचा निर्णय झाला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी बापाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाल्या, “आलात का काका? चला, तुमचाच नंबर आहे.”

आता मुख्य भाग. नीट वाच.

त्यांनी पूर्ण भूल दिली नाही, एक लहानसं इंजेक्शन दिलं. त्याने भीती दूरच्या नातेवाइकासारखी वाटायला लागते, खोलीत असते पण आपल्याशी बोलत नाही. दुखलं का? पोट फुगल्यासारखं झालं, दोनदा ताण बसला, बस्स. दात काढताना मी याहून जास्त ओरडलो होतो. समोर पडदा होता आणि त्यावर माझं आतडं. ताई, काय आतडं होतं! गुलाबी, लखलखीत, वळणावळणाचं. चाळीस वर्षं मी डुकराची आतडी मिठाने, व्हिनेगरने, पिठाने घासून धुतली, बाचोयच्या शेवयांच्या रश्श्यासाठी बारीक चिरली, पण इतकं स्वच्छ आतडं माझ्या फळीवर आलेलं नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, “काका, बोलू नका, पोट हलतं.”

दोन वळणं गेली आणि समोर वाट अडवून ती बसलेली. गोल, गुळगुळीत, पिवळसर, जाड देठावर लटकलेली, आणि टोकाला घासून झालेली लाल जखम. तिथूनच रक्त जात होतं. नर्स हलायची थांबली. मी मात्र पडद्याकडे बघत होतो आणि माझ्या मनात मरणाचा विचारच आला नाही. मनात आलं, अरे, हे तर ओळखीचं आहे.

“ही चरबी आहे,” मी म्हणालो.

“काका...”

“बाई, ऐका माझं. मांसाची गाठ अशी चमकत नाही. चरबी आहे ही. दाबून बघा, खड्डा पडेल आणि परत वर येईल.”

त्या आधीच दाबत होत्या. दुर्बिणीतून बारीक चिमटा पुढे गेला, गाठीत रुतला, उशीत बोट रुततं तसा, आणि मागे घेतल्यावर गाठ हळूच फुगून पूर्ववत झाली. बाई हसल्या. मला म्हणाल्या, “काका, आमच्या पुस्तकात याला उशीचीच खूण म्हणतात.” मग एकाच जागी चार-पाचदा चिमटे काढले, तर वरचं कातडं निघून आतून पिवळी धमक चरबी डोकावली. माझ्या फळीवर रोज डोकावते तीच. नर्सने मला विचारलं, तुम्ही डॉक्टर आहात का? मी म्हणालो, नाही, बाचोयवाला. तर सांगायचा मुद्दा, माझ्या गाठीचं निदान आडवं पडल्या पडल्या मी केलं. बाई म्हणतात, त्यांना दिसताक्षणीच संशय आला होता. असेल. पण मोठ्याने आधी मी बोललो.

पुढे सीटी स्कॅन झाला, त्यातही चरबीच निघाली. अशा गाठी सहसा वाटाण्याएवढ्या असतात, जन्मभर पोटात राहतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. माझ्याएवढी मोठी आणि इतकी त्रासदायक बाई पहिल्यांदाच बघत होत्या. चिचारोन खाल्ल्याने ती होत नाही, हेही त्यांनी फेलिंगला समजावून सांगितलं. फेलिंगने ऐकून घेतलं आणि घरी येऊन चिचारोनचा डबा शेजाऱ्यांना देऊन टाकला.

काढायची कशी यावर तीन डॉक्टरांची बैठक बसली. म्हातारे मोठे सर्जन म्हणत होते, पोट उघडू. टुपास बाई म्हणत होत्या, देठ आहे, दुर्बिणीतूनच देठाला फास घालून वरून कापता येईल, पोट उघडायला नको, आतडंही जाणार नाही. शेवटी त्या माझ्या खाटेपाशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “काका, खरं सांगते. एवढी मोठी मी अजून काढलेली नाही. आतडं फाटू शकतं, रक्त वाहू शकतं. तसं झालं तर सर शेजारी तयार उभे असतील आणि लगेच पोट उघडतील. तुम्ही सांगाल तसं.” मी चाळीस वर्षं माणसं कामाला ठेवतो आहे. येणारा प्रत्येक जण सांगतो, मला सगळं येतं. आपल्याला काय येत नाही ते आधी सांगणारं माणूस मला तेव्हा पहिल्यांदा भेटलं. मी म्हणालो, “फास दोनदा आवळा. मांस शिजवायला बांधताना मीसुद्धा दोनदाच आवळतो.” आणि सही केली.

त्या दिवशी पूर्ण भूल होती, त्यामुळे सगळ्यात मोठा पराक्रम झाला तेव्हा मी झोपलो होतो. फेलिंगकडून कळलं ते लिहितो. एक तास चाळीस मिनिटं लागली. पहिला फास निसटला. दुसरा बसला, गाठ जांभळी पडली, मग तापल्या तारेने तिला देठावरून कापलं आणि जाळीत धरून बाहेर काढलं. फेलिंग बाहेर बसली होती असं मी म्हणणार होतो, पण ती बसली नव्हती. तिने बाकामागची खिडकी रुमालाने पुसली, मग शेजारची, मग त्या मजल्यावरच्या सगळ्या. बाई बाहेर आल्या तेव्हा ती शिडी मागत होती. “काकू, झालं. सगळं नीट झालं,” असं बाईंनी सांगितल्यावर तिने त्यांना मिठी मारली आणि तो काळाकुट्ट रुमाल त्यांच्या पाठीवर उमटला. म्हाताऱ्या सर्जनने तर टाळ्या वाजवल्या म्हणे. मी जागा झाल्यावर पहिला प्रश्न विचारला, केवढी? साडेपाच सेंटिमीटर. आठ दिवसांनी तपासणीचा कागद आला, निव्वळ चरबी, वाईट काही नाही. तो कागद मी तीन ठिकाणी वाचून घेतला आणि नंतर वडामागे जाऊन एकटाच रडलो, हे फक्त तुला लिहितो आहे.

आता मनिलात डॉक्टरांचं संमेलन भरणार आहे आणि तिथे माझी गाठ भिंतीवर लागणार आहे! फोटो, माप, सगळं. फक्त नाव नाही. ‘अठ्ठावन्न वर्षांचा पुरुष’ एवढंच. मी बाईंना म्हणालो, निदान ‘ला पाझचा बाचोयवाला’ तरी लिहा. त्या म्हणाल्या, रुग्णाची ओळख गुप्त ठेवायचा नियम आहे. मी म्हणालो, रुग्णालाच गुप्त राहायचं नसेल तर? त्यावर नियम नाही म्हणे.

पण गेल्या शनिवारी जे झालं त्यापुढे मनिलाही काही नाही. बाई पाच शिकाऊ डॉक्टर घेऊन जेवायला आल्या. जेवण होण्याआधी म्हणाल्या, “काका, आतडं आतड्यात कसं शिरतं ते यांना पुस्तकात बघून कळत नाही. तुम्ही दाखवता?” मी फळी पुसली. धुतलेलं लांब आतडं घेतलं, आत चरबीचा गोळा बसवला, गोळा पुढे सरकवला, आणि त्याच्यामागे आतडं कसं उलट्या बाहीसारखं आत ओढलं जातं ते दाखवलं. मग सोडलं, आतडं सुटलं. “आता कळ गेली,” मी म्हणालो. पाच डॉक्टर वह्यांत लिहीत होते. ताई, मी सहावीत शाळा सोडली. माझ्या बोलण्यातलं एक अक्षर आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं. त्यांनी नंतर एकेक वाडगा जास्त मागवला. मात्र बाकीच्या टेबलांवरची गिऱ्हाइकं अर्धे वाडगे ठेवून उठून गेली, म्हणून फेलिंगने दुकानात ‘आतडं’ हा शब्द उच्चारायला बंदी घातली आहे. आतड्यांच्या सूपच्या दुकानात!

असो. फुशारकी पुष्कळ झाली. तुझ्या आशीर्वादाने (तू दिला असशील तर) मी ठणठणीत आहे, रक्त साडेबारावर आलं आहे.

तुझा धाकटा भाऊ,
हर्मिनिगिल्दो

ता. क. काल बाईंना विचारलं, देशात अशी गाठ आणखी कुणाला? त्या जरा अडखळल्या. मग म्हणाल्या की आतड्यातल्या दुर्मीळ साध्या गाठींमध्ये ही त्यातल्या त्यात जास्त आढळणारी आहे. त्याहूनही वाईट म्हणजे, समोरच्या रांगेतला बाचोयवाला त्रांकिलिनो मागच्या गुरुवारी दुर्बिणीला गेला होता, त्यालाही एक सापडली. दोनच सेंटिमीटर, पण तो साइनबोर्ड रंगवायला निघाला आहे.

आणखी ता. क. हे पत्र मी गाठीसाठी लिहिलेलं नाही. ग्लेंडाने मागच्या आठवड्यात फोन केला होता. तिला रागावू नकोस, ती फोनवर बोलण्यापेक्षा रडलीच जास्त. तुला जानेवारीपासून रक्त जातंय, तुझे स्कर्ट कमरेला दोनदा पिन लावूनही टिकत नाहीत, आणि डॉक्टरांनी दुर्बिणीसाठी दिलेली चिठ्ठी तू चुलीत घातलीस. मूळव्याध आहे म्हणालीस. मीही तेच म्हणालो होतो.

तुझं काय निघेल ते मला माहीत नाही. माझ्यासारखं साधं निघेल असं मी लिहिणार नाही, तुझ्याशी खोटं बोललो तर तुला लगेच कळतं. पण जे असेल ते बघावं लागेल, आणि बघणारी मुलगी चांगली आहे. मी तुझं नाव पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी नऊला लिहून आलो आहे. त्याआधीच्या बुधवारच्या दोन वाजताच्या बोटीची तुम्हा दोघींची जागा ग्लेंडाने धरली आहे, धक्क्यावर मी आणि फेलिंग असू. त्या चार लिटरांतलं पेलाभर मी तुझ्यासमोर बसून तुझ्याबरोबर पिईन, फेलिंगने शेजाऱ्यांना तसं आधीच कळवून ठेवलं आहे. या पत्राला उत्तर पाठवू नकोस. हो म्हणायला जड जात असेल तर हो म्हणू नकोस. नुसती ये.